१९२१ : वळण आलं, पण दिसलं कुणाला?

मागच्या व्याख्यानात आपण एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांपाशी थांबलो होतो. आज तिथूनच पुढे निघू. पण आजचा प्रश्न थोडा निराळा आहे. परिस्थिती हळूहळू सुधारत असते, तेव्हा ती सुधारते आहे हे ओळखता येतं का? आणि 'इथे वळण आलं' असं म्हणून आपण ज्या वर्षाकडे बोट दाखवतो, त्या वर्षात जगणाऱ्या माणसांना ते वळण दिसलेलं असतं का?

असला प्रश्न हवेत सोडला की त्याचं काहीही उत्तर देता येतं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही तो धंदा पुष्कळ वर्षं केला. म्हणून आज एक वर्ष हातात घेऊ आणि त्याच्यापाशीच राहू. ते वर्ष १९२१. लोकसंख्येचे अभ्यासक त्याला भारताच्या इतिहासातलं 'महाविभाजक वर्ष' म्हणतात. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना हे नाव पाठ असतं. एका गुणाचा प्रश्न, उत्तर लिहिलं की संपलं. आपण मात्र त्या नावाच्या आत जरा डोकावून पाहू या.

आधी आकडे. आजच्या भारताच्या हद्दीचा हिशेब धरला, तर १९०१ साली आपण २३ कोटी ८४ लाख होतो. १९११ साली २५ कोटी २१ लाख झालो. आणि १९२१ साली? २५ कोटी १३ लाख. म्हणजे दहा वर्षांत माणसं वाढली नाहीत, उलट पावणेआठ लाखांच्या आसपास कमी झाली. जनगणनेच्या सबंध मालिकेत, १९०१ पासून आजपर्यंत, लोकसंख्या घटली असं हे एकच दशक आहे. पुढे पाहा: १९३१ साली २७ कोटी ९० लाख, १९४१ साली ३१ कोटी ८७ लाख, १९५१ साली ३६ कोटी ११ लाख. त्यानंतर आकडा एकदाही खाली आलेला नाही.

आता कुणी म्हणेल, त्या काळात पोरं जास्त व्हायला लागली असतील. तसं नाही. १९११ ते २१ या दशकात जन्मदर हजारी सुमारे ४८ होता आणि मृत्युदर हजारी सुमारे ४७. जेवढे जन्माला यायचे, जवळजवळ तेवढेच जायचे. पुढच्या दशकात जन्मदर ४६ वर आला, म्हणजे किंचित कमीच झाला. मृत्युदर मात्र ३६ वर उतरला. १९४१ ते ५१ मध्ये तो २७ च्या आसपास होता. १९२१ नंतर काय बदललं ते या आकड्यांत आहे: माणसं मरायची कमी झाली. १९११-२१ या दशकात जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान होतं फक्त वीस वर्षांच्या आसपास. त्या सरासरीत पाळण्यातच गेलेली असंख्य मुलं आहेत, हे विसरू नका.

आता त्या १९२१ सालात जाऊन उभं राहू. तेव्हाची वर्तमानपत्रं कशाने भरलेली होती? टिळकांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. असहकाराची चळवळ ऐन भरात होती. एप्रिलमध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. नोव्हेंबरमध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरले आणि शहरात दंगल उसळली. त्या वर्षी जगणाऱ्या माणसाला 'यंदा काय बदललं?' असं विचारलं असतं, तर त्याने यातलं काहीतरी सांगितलं असतं. देशातला मृत्यूचा दर आता कायमचा उतरणीला लागला आहे, हे कुणीही सांगितलं नसतं. आणि सांगितलं असतं तरी कुणाला पटलं असतं?

कारण मागे काय होतं ते बघा. १८७६ ते ७८ चा दुष्काळ. मग १८९६-९७ चा. मग १८९९-१९०० चा, ज्याला गुजरात-राजस्थानात विक्रम संवत १९५६ वरून छप्पनिया म्हणतात. मध्येच सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांना गाठीच्या तापाचे रोगी आढळले, आणि प्लेग आला तो पुढची पंचवीस वर्षं हलला नाही. याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. देशभरात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसं नेली. आणि त्यावर कळस म्हणून १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झा. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. मानमोडीने भारतात किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीच्या आसपास सुरू होतात आणि दोन कोटींपर्यंत जातात. मुंबई इलाखा त्यात फार भरडला गेला. अशा माणसाला १९२१ मध्ये सांगायचं, की 'बाबा, सगळ्यात वाईट आता मागे पडलं', तर तो हातातली काठी उगारेल.

तरीही चिन्हं होती का? होती, हे आज आपल्याला दिसतं.

पहिलं चिन्ह दुष्काळाबाबतचं. १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला, १८८३ साली दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. पीक बुडण्याची लक्षणं कोणती, कामं कधी काढायची, मजुरी किती द्यायची, काम न होणाऱ्यांना काय द्यायचं, हे लिहून ठेवलं गेलं. ती संहिता कंजूष होती, १८९७ आणि १९०० मध्ये ती लाखो लोकांना वाचवू शकली नाही, हे आपण मागच्या वेळी पाहिलं. पण कागद तयार झाला होता, आणि प्रत्येक दुष्काळानंतर तो सुधारला जात होता. दुसरीकडे विसावं शतक उजाडेपर्यंत सुमारे पंचवीस हजार मैल लोहमार्ग झाला होता. त्याच रेल्वेने धान्य बाहेर नेलं आणि त्याच रेल्वेने प्लेगही पसरवला, हे खरं. पण धान्य आत आणायचं ठरलं तर आणता येईल, ही शक्यताही तिनेच निर्माण केली.

दुसरं चिन्ह रोगाच्या ज्ञानाबाबतचं. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९८ साली सीमाँ यांनी कराचीत काम करताना पिसवा आणि उंदीर यांचा संबंध सांगितला. तेव्हा त्याची थट्टा झाली, पुढे काही वर्षांनी तोच सिद्धान्त मान्य झाला. त्याआधी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला. १९२० च्या सुमारास कोलकात्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी काळा आजारावर औषध शोधलं.

पण ही यादी ऐकून कुणी चटकन म्हणू नये, की बघा, विज्ञान आलं आणि मरण हटलं. कारण चिन्हं एका बाजूचीच नसतात. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी हाफकिन यांच्या लशीनंतर १९ माणसं धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि तो पुसला जायला १९०७ साल उजाडावं लागलं. लशीवरचा विश्वास मधल्या काळात किती उडाला असेल याची कल्पना करा. मलेरियाचं म्हणाल, तर रॉस यांच्या शोधानंतर अर्धशतक उलटलं तरी खेड्यापाड्यांतला हिवताप तसाच होता. देशव्यापी नियंत्रण कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला. कळणं आणि वळणं यात अंतर असतं असं आपण मुलांना सांगतो. इथे ते अंतर छप्पन्न वर्षांचं आहे.

मग १९२१ नंतर मरण कमी का झालं? यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. किंग्जली डेव्हिस यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दुष्काळ आणि साथी आटोक्यात येण्याला महत्त्व दिलं. दवाखाने आणि औषधं यांची पोच तेव्हा इतकी थोडी होती, की त्यांना मोठं श्रेय देणं कठीणच. काही अभ्यासक म्हणतात, की प्लेग ओसरला त्यात माणसाच्या उपायांइतकाच उंदरांचाही वाटा होता. उंदरांमध्येच रोगाला तोंड देण्याची ताकद वाढली. आणखी काही जण पावसाकडे बोट दाखवतात: १९२० नंतरच्या दशकांत सबंध देशभर एकदम पाऊस दडी मारण्याचे प्रसंग कमी आले. म्हणजे कागदावरचे नियम, रेल्वे, लस, उंदीर आणि नशीब, असा सगळ्यांचा मिळून हा कारभार आहे.

इथे आपल्या न्यायशास्त्रातला एक जुना दाखला उपयोगी पडतो. कमळाची शंभर पानं एकावर एक ठेवली आणि वरून सुई खुपसली, तर सुई एका क्षणात आरपार गेली असं वाटतं. प्रत्यक्षात ती एकेक पान भेदतच गेलेली असते. नैयायिक हा दाखला ज्ञानाच्या क्रमाबद्दल देत, पण इतिहासालाही तो लागू पडतो. 'वळण' म्हणून आपल्याला जो एक क्षण दिसतो, तो पुष्कळ पानांचा मिळून झालेला असतो. १९२१ हे वर्ष म्हणजे फक्त जनगणनेचं वर्ष. दर दहा वर्षांनी मोजणी व्हायची, म्हणून वळणाला तो आकडा चिकटला. मोजणी १९१९ साली झाली असती, तर आपण १९१९ ला महाविभाजक म्हटलं असतं.

आणि हे नाव तरी कधी पडलं? ते रूढ झालं १९५१ च्या जनगणनेच्या अहवालातून, आयुक्त गोपालस्वामी यांच्या हातून. म्हणजे तीस वर्षांनी. मधल्या काळात काय म्हणत होते? १९३१ ची मोजणी झाली, लोकसंख्या दहा वर्षांत अकरा टक्के वाढलेली दिसली. तेव्हाचे आयुक्त हटन यांनी त्या वाढीकडे समाधानाने नव्हे, काळजीने पाहिलं. गंमत पाहा. माणसं मरायची कमी झाली, ही आपल्या लेखी विसाव्या शतकातली केवढी मोठी आनंदाची बातमी! ती पहिल्यांदा कागदावर आली ती संकट म्हणून. खाणारी तोंडं वाढली, एवढंच दिसलं.

तर मग सुधारणेची चिन्हं ओळखायची कशी? आमच्या मते सरासरीकडे आधी बघूच नये. तीन गोष्टी विचाराव्यात.

एक, वाईट वर्षं पूर्वीइतकी वाईट राहिली आहेत का? चांगल्या वर्षी सगळंच बरं असतं. १९२१ च्या आधीही एखाद-दोन वर्षं मृत्युदर खाली यायचा, मग साथ आली की उसळायचा. १९२१ नंतरचा खरा फरक असा, की त्या उसळ्या बुटक्या झाल्या. डोंगराची उंची कमी झाली, म्हणून सरासरी उतरली. घरखर्चातही तेच असतं. पगार किती वाढला यावरून घर सावरलं का ते कळत नाही. घरात आजारपण आलं तेव्हा दागिना मोडावा लागला का, यावरून कळतं.

दोन, ही सुधारणा नशीब फिरल्यावर टिकेल का? इथे १९२१ चं वळण आपल्याला चांगलंच जमिनीवर आणतं. वळण येऊन बावीस वर्षं झाली होती, आणि १९४३ साली बंगालमध्ये तीस लाखांच्या आसपास माणसं भुकेने आणि भुकेमागून आलेल्या रोगांनी मेली. दुष्काळ संहिता अस्तित्वात होती. पण सरकारने दुष्काळ जाहीरच केला नाही, म्हणून ती लागू झाली नाही. साठ वर्षांचा कागद कपाटात राहिला. वळण आलं म्हणजे रस्ता पुन्हा मागे फिरणारच नाही, असं मानणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावं.

याच्या जोडीला आपला ७२ चा दुष्काळ ठेवून पाहा. आमच्या पिढीला तो आठवतो. खडी फोडायची कामं, पाझर तलाव, कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा तो लाल मिलो. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. हाल झाले, जनावरं गेली, गावंच्या गावं मुंबई-पुण्याकडे सरकली. पण बंगालसारखं मृत्यूचं थैमान झालं नाही. फरक कशात होता? पाऊस तर सलग गेला होता. फरक असा, की मोर्चे निघत होते, वर्तमानपत्रं लिहीत होती, विधिमंडळात प्रश्न विचारले जात होते. दुष्काळ लपवणं सरकारला परवडणारं नव्हतं. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी पुढे आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. १८८३ च्या संहितेत सरकार मेहेरबानी म्हणून काम देत होतं. आता मागेल त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक झालं. मृत्युदराच्या आलेखात हे वळण दिसणार नाही. आम्ही मात्र त्याला १९२१ इतकंच मोठं मानतो.

आणि तीन, सुधारणा झाली ती कोणाची? मंडळी, हा भाग जरा नीट ऐका. १९०१ साली भारतात दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या. १९११ साली ९६४. १९२१ साली ९५५. इथे वळण आलं ना? मग पुढे? १९३१ साली ९५०. १९४१ साली ९४५. म्हणजे ज्या वीस वर्षांत देश मरणाच्या तावडीतून सुटत होता, त्याच वीस वर्षांत हा आकडा घसरतच राहिला. मानमोडीत पुरुषांपेक्षा बायका जास्त दगावल्या. घरात उंदीर पडायचे तिथे दिवसभर वावरणाऱ्या बायकांना प्लेग जास्त गाठायचा. भुकेने मात्र बायकांपेक्षा पुरुष जास्त मरायचे, असं दुष्काळांच्या नोंदींवरून दिसतं. त्यामुळे दुष्काळ ओसरले त्याचा फायदा पुरुषांना अधिक झाला. बाळंतपणातलं मरण, मुलीच्या आजारपणाकडे होणारी डोळेझाक, हे सगळं तसंच राहिलं. एकाच आलेखात दोन देश राहत होते. एकाला १९२१ साली वळण मिळालं. दुसऱ्याला ते मिळालं नाही, आणि सरासरीने ते झाकून टाकलं.

आणि हा आकडा जुना आहे म्हणून निःश्वास टाकू नका. २०११ च्या जनगणनेत आपल्या महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. रुग्णालयं वाढली, शिक्षण वाढलं, उत्पन्न वाढलं, आणि मुली कमी झाल्या.

आता योगायोग सांगतो. त्याच १९२१ साली मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचं केंद्र उघडलं. लक्षात घ्या, नुकतंच सरलेलं दशक लोकसंख्या घटल्याचं होतं. 'लोकसंख्येचा स्फोट' वगैरे भाषा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. कर्व्यांच्या डोळ्यांसमोर आलेख नव्हता. बारा-बारा बाळंतपणांनी पिचलेली बाई होती, आणि तिच्या शरीरावर तिचाच अधिकार असावा हा विचार होता. पुढे जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं, खटले अंगावर घेतले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, त्यामागचं भाषण आंबेडकरांचं होतं. ठरावाच्या बाजूने ११ मतं पडली, विरुद्ध ५२. कर्वे १९५३ साली वारले. त्याच्या आदल्या वर्षी भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता, पण त्यामागचा विचार मुख्यतः आकड्यांचा होता. कर्व्यांचा प्रश्न बाईचा होता. तो मान्य झाला असं आजही छातीठोक म्हणवत नाही.

हे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतलं. वळण जवळ आलं आहे का, असं विचारत थांबलेल्या माणसाला १९२१ साली काहीही करायचं कारण नव्हतं. सगळी चिन्हं उलटीच होती. कर्व्यांना चिन्हांची गरज पडली नाही. समोरच्या माणसाचा त्रास खरा आहे, एवढं त्यांना पुरलं. चिन्हं वाचणं हे आमच्यासारख्या मागून येणाऱ्यांचं काम. ते करावं, नीट करावं, पण त्यावाचून कुणाचं अडू नये.

शेवटी एक काम तुमच्याकडे सोपवतो. प्रत्येक जिल्ह्याची १९०१ पासूनची लोकसंख्या जनगणनेच्या तक्त्यांत उपलब्ध आहे, पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या. आपापल्या जिल्ह्याचे आकडे काढा आणि दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवून बघा. तुमच्या जिल्ह्यात १९२१ साली वळण आलं का, आणि दोन्ही रकान्यांत एकाच वेळी आलं का, ते तुमचं तुम्हाला दिसेल. जे दिसेल ते लिहून पाठवा. पुढच्या व्याख्यानाची सुरुवात आपण त्यावरूनच करू. आता प्रश्न घेऊ या.